धुणं काढा गं

सांजच्याला आम्ही दोघांनी गुऱ्हाळाच्या अंगणात उसाची चिपाडं वाळत घातली. बायको म्हणाली, "पातळ पसरा. ओली जाळून गावाला धूर पाजू नका." पहाटे ती उठलीच नाही.

दुपारी तिला मसणात पोचवून आलो, तर पोरानं चुलाणात जाळायला जुने टायर आणून टाकलेले. "आबा, ऊस तोडून पडलाय, चिपाडं दमटच हायत. आता कोण बोलायला बसलंय?"

खरंच, कोण बसलंय? चुलाण पेटवायच्या आधी ती बांधावर जाऊन ओरडायची, "धुणं काढा गं बायांनो!" मी चिडवायचो, "गूळ करतीस का गावाचं धुणं राखतीस?" ती म्हणायची, "गूळ आपला, मग धूर तेवढा गावाचा व्हय?" धंद्याला तिचंच तोंड होतं. मी नुसता कढई ढवळणारा. आता तीही ढवळावीशी वाटत नाही. सगळंच विझवून टाकावं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायर अंगणाबाहेर ढकलले. चिपाडं उलथून उन्हाला दिली. ती सुकली तसा बांधावर गेलो आणि ओरडलो, "धुणं काढा गं!"

तिच्या दुखवट्यानं गावात एकाही दोरीवर धुणं नव्हतं. तरी परत ओरडलो.