मामांची बंदूक आणि माझा गज

हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. पण माझ्या बायकोने तुमच्या बायकांना सांगितलंच असणार, आणि तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. निदान माझ्या सांगण्यात मी बंदूक सरळ धरलेली तरी असेन! फक्त चहाचा घोट आत्ताच घेऊन टाका. नंतर नाकातून आला तर मी जबाबदार नाही.

तर माझी सासुरवाडी वज्रेश्वरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. भात कापून झाला की मामा थंडीत शेतात वाल लावतात. शेंगा भरायला लागल्या की डोंगरातून रानडुकरं उतरतात, अगदी आमंत्रण दिल्यासारखी. त्यांच्यासाठी मामांच्या घरात वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक आहे. परवान्याची, बरं का! तोंडातून दारू भरायची, गोळी टाकायची, चिंधी कोंबायची, लोखंडी सळीने सगळं ठासायचं, मागे टोपी बसवायची, आणि मग चाप ओढायचा. एवढं होईपर्यंत डुक्कर जेवून, हात धुऊन घरी गेलेलं असतं.

हे वाक्य माझं नाही. माझ्या मेहुण्याचं, दिनेशचं. दिनेशला बंदूक नको होती, झटका मशीन हवं होतं. म्हणजे शेताभोवती तार, बांधावर उन्हावर चालणारी सोलरची काचेची पाटी, आणि डुकराने तारेला नाक लावलं की झटका! दुकानदाराने एक मशीन ट्रायलला आणून उभंसुद्धा केलं होतं. त्यात बंदुकीचा परवाना नव्याने करायची वेळ आलेली. दिनेश म्हणे, कशाला करायचा? देऊन टाकू बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

आम्ही नवरा-बायको नेमके त्याच वेळी तिथे जाऊन पोहोचलो. शेंगा खायला हो! भांडण सोडवायला थोडेच?

"बाबा, ती बंदूक हाय का चुलीची फुकनी?" दिनेश म्हणत होता. "या थंडीत दारू सर्दावते. ढुस्स करल, धूर काढल आन संपला."

"अरं, तुजा आजा शंभर गजावरून नेम मारत व्हता! या थंडीतच!"

"आजा व्हता ना. तुमी मारून दाखवा."

मामा कसले मारतायत? त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांना शंभर गजावर मडकं ठेवलं काय आणि म्हैस बांधली काय, सारखंच.

आता मला सांगा, मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं. पण जावई माणूस. पोटात गरम भाकरी गेलेली. मी म्हणालो, "मामा, मी मारतो. नेमबाजी केलीय मी."

"कधी?" माझी बायको, रेश्मा, आतून ओरडली.

"लग्नाआधी!"

खोटं नव्हतं ते. जत्रेत फुगे फोडले होते मी. त्यातला एक तर उन्हाने आपोआप फुटला होता, पण बक्षिसाची कंगवी मलाच मिळाली.

मामांचा चेहरा असा खुलला म्हणता! "मंग ठरला! सकाली शंभर गजावर मडका ठेवायचा. जावयबापूंनी फोरला तर बंदूक घरात रायली. न्हाय फुटला तर…" भिंतीवरची बंदूक काढून त्यांनी मांडीवर घेतली आणि पंचाने पुसत बसले. वडिलांची एवढी एकच वस्तू राहिली होती त्यांच्याकडे. मला भरून आलं.

दारू सर्दावू नये म्हणून मामांनी तिची डबी स्वतःच्या गोधडीत गुंडाळून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "चालीस वर्सं झाली लग्नाला, मना कवा अशी गुंडालली न्हाय."

सकाळी उठतो तर काय गारठा! आपण टेमघरची माणसं, लूमच्या गरमीत वाढलेली. पंखा एक नंबरने वाढला की आपला हिवाळा सुरू. इथे तर तोंडातून वाफ निघत होती. मी स्वेटर घातला, त्यावर रेश्माची शाल घेतली, हातमोजे चढवले आणि माकडटोपी अशी ओढली की फक्त डोळे बाहेर.

शेतात पोहोचल्यावर मामांनी विचारलं, "जावयबापू, टोपी घेतली का?"

"घेतली काय मामा, घातलीसुद्धा!"

मामांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "ती न्हाय. बंदुकीची."

ती तांब्याची, वालाच्या दाण्याएवढी असते हे मला तेव्हा कळलं. दिनेश बांधावर बसून हसत होता. रेश्मा घरी जाऊन टोप्यांची डबी घेऊन आली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "लग्नाआधी कुठली नेमबाजी केली होतीत हो?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. कारण पुढचं काम माझ्या हातचं होतं. गज मोजायचे! तुम्हाला माहीतच आहे, मी फोल्डिंग खात्यात. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका मोजायचा आणि घडी घालायची, यात माझी हयात गेली. आता सगळं मीटरवर आलं, पण आमचे शेठ अजून गजातच बोलतात. केबिनमधून ओरडणार, "महेश, गज?" आणि मी बाहेरून आकडा फेकणार. खडखडाटात बाकी काही ऐकू येत नाही. 'गज' तेवढं ऐकू येतं. झोपेत कुणी 'गज' म्हणालं तरी माझ्या तोंडून आकडा बाहेर पडेल, अशी सवय झालीय. हे लक्षात ठेवा, कारण याच सवयीने माझा घात केला.

विहिरीचा दोर घेतला आणि जुन्या कापडवाल्यांच्या पद्धतीने, नाकापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक गज, असं मोजत मी शेतातून निघालो. नाक, हात. नाक, हात.

"भावोजी," दिनेश म्हणाला, "तुमचा हात आखूड हाय. गज कमी भरतंय."

"कापडात आजपर्यंत एक गज कमी भरला नाही माझा!"

"डुकराला कुठं सदरा शिवायचाय?"

मला राग आला. अहो, येणारच! माझ्या निशाण्यावर बोला, माझी बायको तर बोललीच होती. पण माझ्या मापावर? मी मोजून शंभर गजावर मडकं ठेवलं, चुन्याने पांढरं केलेलं. झटका मशीन त्याच्याही मागे, चांगलं डावीकडे होतं.

मामांनी दारू भरली. गोळी टाकली, लूमची चिंधी कोंबली, ती मीच नेली होती. मग सळी घालून ठक् ठक् ठक् ठासलं. थंडीने त्यांची बोटं आखडली होती. सळी तशीच आत ठेवून त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. "जरा धरा. हात शेकून येतंव." आणि मागे शेकोटीपाशी गेले. दिनेश, रेश्मा आधीच तिथे होते.

मी एकटा उरलो. हातात बंदूक, समोर मडकं. मनात आलं, थांबायचं कशाला? मामा हात शेकतायत तोवर मडकं फुटलेलं पाहिजे! मी टोपी बसवली. हातमोज्यामुळे ती तीनदा पडली, चौथ्यांदा बसली. घोडा ओढला. बंदूक खांद्याला लावली. कालच्यापेक्षा ती आज जरा लांब वाटत होती, आणि तिच्या तोंडातून काहीतरी बाहेर आलेलं दिसत होतं. मला वाटलं, नेम धरायची माशी असेल. जुन्या वस्तू मजबूत असायच्या! मी तिच्याच टोकावरून मडक्यावर नेम धरला.

तेवढ्यात माकडटोपीतून मागून आवाज आला.

"जावयबापू! गज! गज!"

"शंभर!" मी ओरडलो.

"अवो, गऽऽज!"

"शंभर, मामा! पुरे शंभर!"

"गज काऽऽ… गज! गऽऽज!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. त्या दिनेशने म्हाताऱ्याच्या मनात माझ्या मापाबद्दल संशय भरवला, दुसरं काय? "एक जरी कमी भरला तर नाव लावणार नाही!" मी गरजलो, आणि चाप ओढला.

धडाम्!

बंदुकीने मला असा धक्का दिला की मी पाठीवर वालात. सगळीकडे धूर. वरून सूंऽऽऽ असा आवाज गेला, आणि मग लांबून आला ठण्ण! पाठोपाठ काच फुटल्याचा खळ्ळ.

धूर विरला. मी मान वर करून पाहिलं. मडकं जागच्या जागी, पांढरंशुभ्र, माझ्याकडेच बघत होतं.

"मग ठण्ण काय वाजलं?" मी विचारलं.

सगळे डावीकडे बघत होते. झटका मशीनची पाटी मधोमध फुटली होती, आणि आपल्याकडे कबाबाची सीख भाजायला लावतात तशी तिच्यातून सळी आरपार गेलेली होती.

"मामा," मी हळूच म्हणालो, "ती सळी तुम्ही बाहेर काढली नव्हती होय?"

"मंग मी काय बोंबलत व्हतो?" मामांचा आवाज चिरकला होता. "गज काडा, गज काडा!"

"अहो, पण गज म्हणजे…"

"तीच सली! तिलाच गज बोलतान!"

तुम्ही हसताय. रेश्मा तर मातीतच बसली हसून हसून. आणि मला सांगा, माझी काय चूक? कापडात गज, दोरीत गज, आणि सळीचंही नाव गज! शब्दांचा एवढा दुष्काळ पडलाय का मराठीत?

मामा मशीनपाशी चालत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मडकं फुटलं नाही म्हणजे बंदूक गेली. गज वाकून विळा झाला होता, म्हणजे आता ती ठासताही येणार नाही. माझ्या फुशारकीने म्हाताऱ्याची बापाची आठवण घालवली, असं वाटून माझे डोळे खरंच भरून आले.

मामांनी फुटकी पाटी निरखली. मडक्याकडे पाहिलं. मग परत पाटीकडे. आणि तिथून हाक आली, "दिन्याऽऽ! मडक्याच्या पल्याड हाय का न्हाय हा?"

"हाय," दिनेश म्हणाला.

"थंडीत मारली का न्हाय?"

"बाबा, पन तो गज गेला. गोली न्हाय!"

"काय गेला ते इचारू नको. लांब मारली का न्हाय?"

दिनेशने डोकं खाजवलं. त्याचं मशीन तिथे भोक पडून उभं होतं. दुकानदाराला काय सांगायचं याचीच त्याला पंचाईत. परवाना नव्याने करायचं झटपट ठरलं आणि बंदूक घरात राहिली! मामा असे परत आले की जणू मडकं मीच फोडलं. मला मिठी मारतात की काय असं वाटून मी अंगावरची माती झटकली, शाल नीट केली.

तेव्हा दिनेशने विचारलं, "ते सगला ठीक हाय. पन आज राखनीला काय? मशीन फुटला, बंदुकीचा गज वाकला. डुकरं काय नवा गज बनायची वाट बघत बसनार हायत?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

तर मंडळी, अंबाडी गावच्या लोहाराने नवा गज करून देईपर्यंत वज्रेश्वरीच्या डोंगराखाली शेतातल्या माळ्यावर रोज जो माणूस माकडटोपी घालून तेलाचा रिकामा डबा बडवत होता, तो मीच. शेठला फोन करून सांगितलं, तब्येत बरी नाही. खांदा सुजला होताच म्हणा.

अख्खा गाव बघायला येऊन गेला. येणारा प्रत्येक जण मामांना विचारायचा, "काय रं, तुज्याकरं बंदूक असून जावयाला कशाला बसवलाय?"

मामा शांतपणे माळ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "काय करनार? बंदुकीला गज न्हाय रायला. आन जावयबापूंच्या बातांना तं कवाच गज नव्हता."