बोर्डापुरता एक घोट

भाऊजींनी आयुष्यभर औषधं विकली, पण सख्ख्या मेव्हण्याला स्वतःच्या हाताने पाजली ती दारू. तीही खोकल्याच्या औषधाच्या टोपणातून, म्हणजे जणू डोसच!

झालं असं, की नव्या दुकानाचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं आणि बोर्ड अजून अर्धाच. मेव्हणा बोर्ड रंगवण्यात एक नंबर. हातानेच अशी रेघ ओढायचा, की पट्टीने खाली मान घालावी. पण पंधरा वर्षांच्या पिण्याने यकृताचं वाटोळं झालेलं. डोळे पिवळे पडले, तेव्हा आरशात बघून म्हणाला होता, "ही शेड डब्यात मिळत नाही." डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. "यापुढे एक थेंब जरी घेतलास, तर जिवाशी खेळ!" तेव्हापासून अकरा दिवस तो कोरडा होता. हात मात्र अजून थरथरत होते. ब्रश टेकवला की अक्षराला कापरं भरायचं.

"भाऊजी, आठवडाभर थांबा ना."

"पाहुणे उद्या येणार, आणि तू आठवड्याच्या गोष्टी करतोस? एवढंसं घे. हात स्थिरावेल."

त्याने टोपणाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि डोळे मिटून टोपण रिकामं केलं.

बोर्ड संध्याकाळपर्यंत देखणा झाला. मेव्हणा मात्र त्या घोटावर थांबला नाही. चार दिवस पीतच राहिला आणि पाचव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली.

दवाखान्यात त्याची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, खाटेशी उभी राहून बरसत होती. "अकरा दिवस राहिलास, मग बाराव्याला काय जळलं तुझं? लाज कोळून प्यायलास का रे? यांच्याकडे बघ जरा. नवंकोरं दुकान टाकून तुझ्या पायाशी उभे आहेत बिचारे!"

धरणीने पोटात घ्यावं असं त्या बिचाऱ्यांना वाटलं. पण खाली दवाखान्याची फरशी. ती कशाला दुभंगते! ते मेव्हण्याच्या पायावरची चादर सारखी करू लागले. मेव्हणा छताकडे बघत मुकाट ऐकून घेत होता.

ताई डॉक्टरांना गाठायला बाहेर गेली, तसे भाऊजी त्याच्या कानाशी वाकले.

"मी पाजली, हे तू तिला सांगितलं का नाहीस?"

मेव्हण्याने सावकाश मान वळवली.

"दारुड्याचं कोण खरं मानतं, भाऊजी?"