उबेच्या खोलीतली लोर्ना

आमच्या गावात शेजारी दार वाजवत नाहीत. मागच्या पायऱ्या चढायच्या, जाळीचं दार ढकलायचं आणि कॉफी आहे का विचारत थेट स्वयंपाकघरात यायचं, ही इथली रीत. म्हणून त्या मंगळवारी सकाळी मी डेलच्या डब्यात सँडविच भरत असताना पुढच्या दारावर टकटक झाली, तेव्हा आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघतच राहिलो. टकटकही चमत्कारिक. वाकवलेल्या बोटानं एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली, आणि दर वेळी थोडं थांबून. जणू कुणीतरी दाराला काही विचारून उत्तराची वाट बघतंय.

दारात लोर्ना विटवर, पलीकडच्या घरातली. मागे धुकं इतकं की तिचं घर दिसतच नव्हतं. नुसता माडीवरचा, तिच्या आईच्या खोलीतला दिवा अधांतरी तरंगत होता.

"कोण गेलं?" डेलनं विचारलं. "पुढच्या दारानं मयताचीच बातमी येते, म्हणून म्हटलं."

"अजून कुणी नाही," असं म्हणून ती टेबलाशी बसली आणि टेबलावर नसलेले पावाचे कण बोटानं गोळा करू लागली. काही मागायचं असलं की ती असंच करते. मी कॉफी ओतली आणि कप तिच्यापुढे सरकवला.

वीस वर्षं लोर्ना काउंटीच्या रुग्णालयात कागदपत्रं सांभाळायची. मग सगळे कागद संगणकात गेले आणि तिच्या खोलीला कुलूप लागलं. त्या दिवसांत तिला एकच स्वप्न पडायचं. मक्याच्या शेतांवरून त्या फायली रानबदकांसारख्या रांगेनं दक्षिणेला चालल्यात, आणि ती खालून एकेकीला नावानं हाक मारतेय. शेवटी ती म्हणाली, ज्यानं माझी खोली नेली तेच शिकते. दोन हिवाळे रोज संध्याकाळी बर्फातून गाडी हाकत मॅडिसन शहरातल्या कॉलेजात गेली, परीक्षा दिल्या, प्रमाणपत्र मिळवलं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथल्याच एका सल्लागार कंपनीत लागली. कार्डावर छापलं होतं, डिजिटल परिवर्तन सल्लागार. डेलनं ते कार्ड उजेडात धरून, आता तू सुरवंटांची फुलपाखरं करणार का, असं विचारलं होतं. लहान कारखान्यांत जायचं, कागदांवर आणि माणसांच्या डोक्यात असलेलं काम नीट समजून घ्यायचं आणि ते संगणकावर बसवायचं, हा तिचा नवा धंदा. लाकडाची वखार झाली, एक बेकरी झाली. दोन्हीकडची माणसं तिचं नाव काढतात.

मग आली आमच्या गावची चीज फॅक्टरी. तिचे आजोबा जिथं कामाला होते तीच.

तिथल्या उबेच्या खोलीविषयी बोलताना लोर्नाचा आवाज आपोआप खाली येतो. फळ्यांवर चीजची मोठी चाकं ओळीनं निजलेली, पिवळसर, पौर्णिमेच्या चंद्रासारखी, आणि आत गोडसर, ओलसर वास. ती चाकं तिथं हळूहळू फुगतात, त्यांना आतून भोकं पडतात. आल्विन मोझर हा तिथला जुना कारागीर. तो वाकवलेल्या बोटानं प्रत्येक चाक वाजवून ऐकायचा आणि फळीच्या कडेला पेन्सिलीनं एक खूण करायचा. आवाज हवा तसा आला की ते चाक थंड खोलीत.

लोर्नानं तापमान टिपलं, ओल टिपली, वजन टिपलं, तारखा टिपल्या. खुणांचं विचारलं तेव्हा आल्विन म्हणाला, माझं आपलं असंच. तिनंही ते असंच म्हणून सोडून दिलं. फळ्या स्वच्छ घासून घेतल्या, भिंतीवर स्क्रीन लावला, आणि सगळ्यांना बजावलं की हिरवा दिवा लागल्याशिवाय चाक हलवायचं नाही. दिवा अठ्ठाविसाव्या दिवशी लागायचा होता. चाकं एकविसाव्या दिवशीच तयार झाली. आल्विन रोज वाजवून बघत होता आणि दिव्याची वाट बघत होता, कारण त्याला तसं सांगितलेलं होतं. उबेत फुगत राहून अडतीस चाकं उभी तडकली.

आता कंपनी तिच्या जागी दुसरा माणूस पाठवणार होती. एकोणपन्नाशीत तिची दुसरी खोलीही बंद होणार, हे तिला दिसत होतं. चूक माझी आहे, असं तिनं फॅक्टरीच्या मालकीणबाईंना तोंडावर सांगितलं आणि ती सुधारायला दोन आठवडे मागून घेतले. मग काल दुपारी ती आल्विनच्या घरी गेली. तो ओसरीवर सफरचंदं सोलत होता. हातातलं सोलून झाल्यावरच त्यानं मान वर केली.

"पोरी, तू मला सगळं विचारलंस, पण एकदा तरी हात लावलास का?" तो म्हणाला. "तुझं ते टिपायचं यंत्र घरी ठेव. बुधवारपासून पहाटे पाचला हात धुऊन ये. दोन आठवडे नुसतं वाजवायचं. लिहायचं काही नाही."

तेव्हापासून दिसेल ते वाजवत सुटलेय, लोर्नानं मला सांगितलं. भोपळे, टेबलं, गाडीचा पत्रा. रात्री स्वप्नात ती चाकंच दार वाजवत होती आणि ती आतून ऐकत होती.

"आणि आमचं दार कसं वाजलं?" डेल म्हणाला.

"तळाशी कुजलंय. बघून घे."

तो खरंच उठला आणि बघायला गेला. बाहेर धुकं विरळ होत होतं. तिच्या आईच्या खिडकीतल्या दिव्याखाली हळूहळू भिंत उगवली, मग छप्पर. लोर्नानं कण गोळा करायचे थांबवले.

"मी पहाटेच फॅक्टरीत असेन. उद्यापासून दोन आठवडे सकाळी सातला आईकडे जाशील? पडदा उघडायचा आणि कॉफी द्यायची. हवी का असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणते. कप तिच्या हाताशी ठेव आणि ती उचलेपर्यंत जवळ बस."