नकाशे गुंडाळणाऱ्याने बांधलेलं घर

"तू कोनच्या साहेबाकडं शिकलास ते सांग आदी. बाकीचं मागनं बगू."

बा अंगणात उभा राहून ओरडत होता आणि त्याचा आवाज पार खाडीपलीकडे वसईत पोचत होता. तिथले कोंबडे त्या दिवशी भर दुपारी आरवले म्हणतात. समोर मुंबईहून आणलेला आर्किटेक्ट. डोक्यावर हॅट, काखेत निळ्या नकाशाची गुंडाळी. त्याने आमच्या पाली गावात आम्हाला बांधून दिलेल्या घराची गच्ची महिन्याच्या आत मधोमध वाकली होती. भिंतीला अशी चीर, की आमची मांजर दार सोडून तिथूनच ये-जा करायची.

"साहेबांच्या हापिसात मी नकाशे गुंडाळायचो," तो म्हणाला. "रोज बघून बघून येतं सगळं."

"मी रोज मासे बगतो. मला कल्ले फुटले काय?"

पण माझा राग त्या हॅटवाल्यावर निम्माच आहे. उरलेला आमच्याच घरावर. होडी हाकायला तांडेल घ्यायचा तर बा त्याची सालं काढायचा. कोणाच्या हाताखाली शिकलास, खडक कुठे लागतो, वारा फिरला तर काय करशील. शिवाय दोन दिवस समुद्रात नेऊन परीक्षा. आणि ज्या छपराखाली आम्ही अकरा माणसं निजणार, ते उभारणाऱ्याला एक प्रश्न नाही! आईने सुचवलं होतं, "अवो, त्याचा दाखला तरी बगा."

"एवड्या मोट्या मानसाला कागद मागायचा? लाज हाय का न्हाय?"

ही असली लाज घर खाते.

गच्चीवर बोंबील वाळवायचे आहेत, हे बाने त्याला बजावलं होतं. त्याने मान डोलावली आणि तीन पाहुण्यांनी चहा प्यावा एवढ्याच ताकदीची गच्ची घातली. शिकून परीक्षा दिलेल्या माणसाने आधी ओल्या बोंबलाचं वजन विचारलं असतं. आम्ही वर बांबू रोवले, होडीभर बोंबील टांगले आणि तुळया कण्हू लागल्या.

जुनं कुडाचं घर पाडून बसलो होतो. पावसाळा तोंडावर. जायचं कुठे?

शेवटी बाने खरा, पास झालेला आर्किटेक्ट आणला. बोडका, चपलांवर धूळ. बाने त्याला दारातच अडवलं.

"आदी दाखला."

त्याने सर्टिफिकेट काढून दिलं. बाने ते उलटं धरून, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मगच त्याला आत सोडलं. तो गच्चीखाली उभा राहिला. भिंतीत खिळा टोचून पाहिला. शिजल्या भातात बोट जावं तसा खिळा आत गेला.

"टेकू लावून येवडा पावसाळा निगंल ना?" आईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आजच बाहेर निघा."