माघारी आलेली गोधडी

चिंचवड गावठाणात सारजाबाईंची सकाळ ठरलेली असे. चूल सून मंजुळा सांभाळी आणि सारजाबाई सोप्यात पाय पसरून सुईत दोरा ओवीत. सत्तावन्न सालच्या त्या सकाळी दोरा अजून नेढ्याशी हुज्जत घालत होता, तोच दारावर थाप पडली.

दारात इंदुताई उभ्या होत्या. पिंपरीच्या कंपनीची नवी वसाहत उभी राहिली होती, तिथल्या, मूळच्या बार्शीकडच्या. आठच दिवसांपूर्वी हौसेनं नेलेली गोधडी आज काखोटीला मारून परत आणलेली.

"सारजाबाई, रागावू नका, पण ही पुरतच नाही हो. यांचे पाय रात्रभर बाहेर. उसवून मधला पदर तेवढा द्या, माझ्या आईच्या लुगड्याचा आहे. आम्ही बाजारातून चादर घेऊ."

"आत्याबाई," चुलीपासून मंजुळा म्हणाली, "लेक माहेरी आली बघा तुमची."

"तू भाकरी बघ, करपतीय."

सारजाबाई वरवर हसल्या. लग्नातली स्वतःची फाटकी वाकळ सांधता सांधता त्यांना हे काम लागलं, त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात एक गोधडी माघारी आली नव्हती. वसाहतीतून तर हे पहिलंच काम. ही उसवली, की तिथल्या बायका पुन्हा या दारात कशाला येतील?

"माप कुनी सांगितलं हुतं, ताई?"

"यांनीच. कॉट मोजून. चार हात लांब, तीन हात रुंद."

"त्यांच्या हातानं का माझ्या?"

इंदुताईंचा नवरा ताडमाड. सारजाबाईंनी आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत पुढे धरला, तसं इंदुताईंना हसूच आलं. नवऱ्याच्या हातापेक्षा चांगला चार बोटं आखूड.

"उसवायची न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "शेवटचा कोपरा शिवताना तिला भाकरीचा घास भरवलाय. जेवलेल्या गोधडीला कुनी उसवीत न्हाई. भोवतीनं पट्ट्या लावते. डोक्यापायथ्याला आठ-आठ बोटं, बाजूंना सहा-सहा. चार दिस द्या."

"आणि नाहीच पुरली तर?"

"मग उसवा. तुमी सोता."

चार दिवस सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदुताईंनी दिलेलं कापड कधीच संपलं होतं, म्हणून सारजाबाईंनी आपलं चिंध्यांचं बोचकं सोडलं. खणाचे तुकडे, लुगड्यांचे काठ, कुणाच्या सदऱ्याची बाही. चौकोनाला चौकोन जोडून पट्टी होई, पट्टीखाली जुन्या धोतराचा थर. एक पट्टी तर मधल्या पदराहून भडक झाली, ती त्यांनी मुकाट्यानं काढली.

"घरातला पाहुणा यजमानापेक्षा नटला," मंजुळा म्हणाली.

"तुला बरं दिसतंय सगळं. सुई धरायला सांगितली की दिसत न्हाई."

पट्ट्या जोडताना मात्र एक गोष्ट सारजाबाईंना डाचत राहिली. घास ज्या घरात गोधडी नांदायची, त्या घरचा घ्यायचा असतो. शहरवळणाच्या बाईकडे भाकरीचा तुकडा कसा मागायचा, म्हणून गेल्या खेपेला त्यांनी आपल्याच टोपल्यातला घातला होता. हात आखूड होता हे खरंच. पण जिथं जेवली तिथंच ती परत आली, हेही त्यांच्या मनातून जाईना.

पाचव्या दिवशी इंदुताई आल्या त्या कॉटच्या मापाची सुतळी घेऊन. मंजुळानं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. मधोमध आईचा पदर आणि भोवती रंगीत चौकोनांची चौकट. इंदुताई पदरावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

"हा एक कोपरा उघडाच राहिलाय की."

"ठेवलाय," सारजाबाई म्हणाल्या. सुईत दोरा तयार होता. "तुमच्या घरच्या पोळीचा एक घास आणून द्या."