सव्वादोनच्या सहा बांगड्या

अतर्क्य, अमानवीय या शब्दांशी माझा संबंध आजवर वर्गातल्या फळ्यापुरताच होता. परभणीच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं मराठी शिकवते. कवितेतली भुतं मला प्रतिमा म्हणून आवडतात. घरात मी त्यांना कधी जागा दिली नाही. तरीही अतर्क्य अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसले आहे, कारण हे लिहिताना माझ्या उजव्या हातात जे किणकिणतं आहे, त्याचा अर्थ मला लागत नाही...

गोदावरी, म्हणजे आमची गोदी, ही पालमजवळच्या आमच्या गावातल्या कासाराची मुलगी. चौथीत असताना नागपंचमीच्या झोक्यावरून मी पडले आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं. ते बसवलं गेलं, पण किंचित वर राहिलं. तेव्हापासून माझ्या मनगटाच्या मापाची बांगडी त्या हाडावरून आत जाईना. पुढे मोठेपणी ते माप सव्वादोनचं झालं, तरी हाडाचा हट्ट तोच. गोदीच्या वडिलांनी त्या वेळी दोनदा प्रयत्न केला आणि मोठ्या मापाची घालू म्हणाले. तेवढ्यात शेजारी बसलेल्या गोदीनं माझा हात ओढून घेतला.

"डोळे मीट, शैले. हात तुजा न्हाई, माजा हाय असं समज."

मी डोळे मिटले. तिनं माझी बोटं एकात एक अशी दुमडली, जणू मिटत्या कमळाच्या पाकळ्या, आणि काचेचा गारवा त्या हाडावरून पाण्यासारखा वाहत गेला. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं — लहानपणी दारात सापडून. त्याची धार दर वेळी माझ्या मनगटाला पुसटशी खरवडून जायची. मला ते आवडायचं.

त्यातली एक बांगडी दुसऱ्याच दिवशी गेली. मी म्हणाले, "गोदी, फुटली." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "फुटली म्हनू नगं. वाढली म्हन."

"वाढून कुठं जाते?"

"जितं कमी हाय तितं," असं ती म्हणाली; अगदी सहज, पोस्टाचा पत्ता सांगावा तसं.

सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि डोक्यावर बांगड्यांची पेटी आली. मी शहरात येऊन छंद, अलंकार, वृत्तं शिकले. ती हात शिकली. हात धरला की तिला ताप कळायचा, दिवस गेलेले कळायचे, रात्रभर कोण रडलं तेही कळायचं. एकदा एका सुनेच्या मनगटावर काळेनिळे वळ दिसले. गोदीनं बांगडी भरलीच नाही. सासूकडे बघून म्हणाली, "काकू, सूज हाय. उतरूस्तोवर मी रोज येऊन बगत जाईन." आणि ती खरोखरच रोज गेली, बारा-तेरा दिवस. त्या घरात पुन्हा वळ उठले नाहीत. इतकं नेमकं, इतकं कमी शब्दांत मला आजही लिहिता येत नाही.

माझे यजमान गेले, तेव्हा दहाव्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं पेटी घेऊन परभणीला आली. घरात बायका जमल्या होत्या. माझ्या उजव्या हातात पाच बांगड्या होत्या, सगळ्या गोदीनंच भरलेल्या. आतेसासूबाई म्हणाल्या, "हिच्या बांगड्या वाढवा गं कुनीतरी."

गोदी पुढे आली, माझ्यासमोर बसली, पेटी उघडली. "वाढवायच्याच ना?" असं म्हणून तिनं माझ्या हातात सहावी बांगडी भरली. "घ्या. वाढल्या."

"तुला कळायलंय का तू काय करायलीस?"

"आत्याबाई, शब्द तुमचाच हाय. मी निस्ता मानला."

शब्दांवर पोट भरणारी मी. पण एका शब्दाची पाठ फिरवून त्याचं तोंड उजेडाकडे करणारं माणूस मी एकच पाहिलं. त्या दिवसापासून डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हातात गोदीच्या सहा बांगड्या, हे माझं ठरून गेलं. एखादी वाढली की मी गावी जायची, ती भरून द्यायची.

गेल्या पौषात गोदी गेली. आठ दिवसांचा ताप. मी भेटले, तेव्हा तिनं सवयीनं माझा उजवा हातच हातात घेतला. "सोनीच्या चुड्याला तू तिच्याशेजारी बसायचं. मोकळ्या हातानं न्हाई." सोनी ही तिची एकुलती मुलगी. मी हो म्हणाले.

त्यानंतर माझ्या बांगड्या एकेक करून वाढत गेल्या. परभणीतल्या कुठल्याच दुकानात कोणाला सव्वादोनची बांगडी त्या हाडावरून नेता आली नाही. अडीचची घातली की ती चालताना गळून पडे. वैशाखात सोनीच्या लग्नाला निघाले, तेव्हा एकच उरली होती. गंगाखेडच्या पुढे बस खड्ड्यात आदळली, हात खिडकीच्या गजावर आपटला, आणि तीही गेली. गोदीला दिलेला शब्द मोडायला मी मोकळ्या हातानं निघाले होते.

गोदीचं सासर गावातच. तिथल्या मांडवात तिची धाकटी जाऊ, कलाबाई, चुडा भरायला बसली होती. आता स्वतःची पेटी घेऊन तीच फिरते. तिनं आधी माझा हात घेतला. दाबला, वळवला, एक बांगडी माझ्या हाडावरच वाढली.

"शैलाताई, हात हाय का लोखंड? गोदाबाई कशी भरत व्हती, देव जाने. इचारलं की म्हनायची, मला काय इचारती, हाताला इचार."

"राहू द्या, कलाबाई."

"मावशी, तरी बसा की माज्यापाशी," सोनी म्हणाली. मागून एक बाई हसून बोलली, "आगं, मास्तरीनबाईंच्या हातात घड्याळ हाय. त्यांना टायम सांगायला लांबच बसू दे." हशा पिकला. मी उठून आतल्या खोलीत गेले.

तिथे गोदीची जुनी पेटी होती, कुलूप लावलेली. समोर तिचं बसायचं तरट तसंच अंथरलेलं. भर दुपार, पत्रे उन्हानं तडतडत होते. मी तरटासमोर बसले, जुन्या सवयीनं उजवा हात पुढे ठेवला आणि डोळे मिटले. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो वास: काचेच्या चुऱ्याचा, बांगड्यांभोवतीच्या वाळक्या गवताचा, आणि गोदी गालात धरायची त्या लवंगेचा.

मग माझी बोटं एकात एक दुमडली गेली.

बाहेरून कलाबाईचा आवाज येत होता, सोनीचं हसू येत होतं. म्हणजे त्या दोघी बाहेरच होत्या. हाडावरून गारवा उतरला. एकदा. पुन्हा. दर वेळी मनगटाला एक चिरलेली धार पुसटशी लागत होती. मी श्वास रोखून बसले, कारण डोळे उघडले तर हे थांबेल याची भीती होती. सहाव्यांदा गारवा उतरला आणि हात अलगद माझ्या मांडीवर ठेवला गेला.

डोळे उघडले. खोलीत कोणी नव्हतं. हातात सहा शेवाळी हिरव्या बांगड्या होत्या.

सोनी मला बोलवायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिनं कलाबाईला हाक मारली. कलाबाईनं बांगड्या मोजल्या, एक ओढून पाहिली; ती हाडाशी अडली.

"सव्वादोनच्याच हायेत," ती हळू आवाजात म्हणाली. "असा शेवाळी माल मी आनलाच न्हाई. कोनी भरल्या?"

"पेटीची किल्ली तर माज्या कमरंला हाय," सोनी म्हणाली. तिनं कमरेची किल्ली चाचपून पाहिली. मग म्हणाली, "मावशी, नमस्कार ऱ्हायला."

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा असतो. मी त्या रिकाम्या तरटाला नमस्कार केला. सोनीनं माझा भरलेला हात धरून मला बाहेर नेलं आणि शेजारी बसवलं. घड्याळावरून बोललेली बाईच म्हणाली, "सरका गं, जागा द्या त्यांना."

मी स्वतःला अनेक कारणं दिली आहेत. सकाळपासून पोटात काही नव्हतं. उन्हानं तिरमिरी आली असेल. दुःखात माणूस स्वतःच्या हातांनी काय करतं, ते त्याला कळत नसेल. पण तो हात मला स्वतःला कधीच वळवता आलेला नाही, आणि बांगड्या आल्या कुठून, हे कुठलंच कारण सांगत नाही.

परवा वर्गात फळा पुसताना एक बांगडी चौकटीवर आपटली. तिचे तीन तुकडे मी रुमालात बांधून घरी आणले. संध्याकाळी खिडकीशी बसून हातातल्या उरलेल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. वैशाखात मोजताना कलाबाई चुकली असेल, मी चुकले असेन, काहीही असेल.

तुकडे रुमालात आहेत. हातात सहा आहेत.