चाळीसले पास, मले साठ

१९५४ साल. मी अठरा वर्षांचा होतो, शाळा चौथीपर्यंत. गाव सिंदेवाहीकडलं, धानाचं. बाप मापारी होता, म्हणजे धान निघालं की लोकांच्या खळ्यावर जाऊन मापून देणारा. त्याच्यासोबत मीही लहानपणापासून मापत आलो होतो.

त्या वर्षी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जंगलखात्याच्या शिक्षणासाठी पोरं घेणार होते, शिकून निघालं की नोकरी पक्की. आधी परीक्षा, शंभर गुणांची, चाळीसला पास. बातमी आमच्या नाकेदारानं आणली. जंगल राखणारा तो. माणूस चांगला, पण जपून पाऊल टाकणारा. मला म्हणाला, पंचेचाळीस धरून चाल, तेवढ्यात निभते.

"मले साठ पाह्यजे," मी म्हटलं.

"काऊन? साठवाल्याले का दोन टोप्या देतेत?"

"काठावर पास होणारा मी नाई, भाऊ. साठाच्या खाली आले तं जाणारच नाई."

हे मी चावडीपुढे, चारचौघांत बोललो. त्या दिवसापासून गावानं माझं नाव साठबाबू ठेवलं.

नाकेदार संध्याकाळी सागाचा घेर काढायला शिकवायचा, गुणाकार करून घ्यायचा, रिपोर्ट लिहायला लावायचा. दर रविवारी शंभराचा पेपर. पहिल्या खेपेला बावीस आले. विहिरीवर बाया विचारायच्या, साठबाबू, आज किती? मी खरा आकडा सांगून मोकळा व्हायचो. पुढं एका रविवारी एकसष्ट आले, तेव्हा विचारणं बंद झालं.

चांद्याला लेखी ठीक गेलं. मग मैदानात बांबूचे भारे मोजायला लावले, त्याचे पाच गुण. मी मोजून परीक्षा घेणाऱ्या साहेबाला सांगितलं, एकोणतीस आन रास.

आमच्याकडे खळ्यावर शेवटलं माप आकड्यात घेत नाहीत. घेतलं तर धान सरलं असं होतं. त्याला नुसतं रास म्हणायचं. मापारी तसंच बोलतो, शेतकरी तसंच समजतो. साहेब बाहेरचा होता. रास म्हणजे किती, असं त्यानं विचारलं. मी ही रीत सांगितली. तो हसला, आणि तीस म्हणा, मी लिहून घेतो, असं म्हणाला.

"शेवटला मोजत नाई साहेब. एकोणतीस आन रास."

त्यानं एकोणतीस लिहिलं.

महिन्याभरानं नाकेदार निकाल घेऊन आला. छप्पन. निवड झाली होती. भाऱ्यांचे पाच गेले, हेही तो विचारून आला होता. माय म्हणाली, पास झाला ना, मंग जा. नाकेदार ओट्यावर बसून राहिला.

"बेचाळीसवाले जाऊन राह्यले, अन् तू छप्पनवाला घरी बसतं?"

"मी साठ बोललो होतो."

बाप म्हणाला, "बांबूले कायची रास? थे का खळं होतं?"

आयुष्यभर माप धरलेला माणूस असं बोलला. माझ्या लेखी मोजणं ते मोजणं, धानाचं काय नि बांबूचं काय. नाकेदाराला सांगितलं, माझी जागा दुसऱ्याला देऊन टाका म्हणून कळवा. नोकरी गेली, पेन्शन गेली, असं लोक अजून म्हणतात. गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेतला आणि जंगलखात्याच्याच बांबूतोडीवर मजुरीला गेलो.